सातबारा, फेरफार आणि व्हिडिओचा प्लेअर

आत येताना दोघा-तिघांनी विचारलं, “इतिहासाच्या व्याख्यानात व्हिडिओ प्लेअर कुठून आला?” प्रश्न रास्त आहे. उत्तर एका प्रसंगानं देतो.

काही वर्षांपूर्वी इंदापुरातल्याच एक ताई पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडे आल्या. २००४ सालचं लग्न. तेव्हा फोटो स्टुडिओवाल्यानं तीन व्हीसीडी दिल्या होत्या, त्यातल्या फाइली मुलानं कॉपी करून ठेवल्या होत्या. डबल क्लिक केलं की नोटपॅड उघडायचं आणि पडदाभर वेडीवाकडी अक्षरं दिसायची. एका दुकानात सांगितलं गेलं, “फाइल खराब झालीय, डिलीट करा.” त्या डिलीट करणारच होत्या. पण लग्नात त्यांचे वडील होते आणि ते आता नाहीत, म्हणून हात होईना.

आम्ही राइट क्लिक केलं, ‘ओपन विथ’मध्ये जाऊन दुसरा प्लेअर निवडला. व्हिडिओ सुरू झाला. वडील मांडवाच्या दारात उभे राहून पाहुण्यांना “या, या” म्हणत होते. ताई काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही.

फाइल चांगलीच होती. चुकीची होती ती एक नोंद. ही फाइल कोणी उघडायची, याची नोंद. ती नोंद कुठं असते, कोण करतं, कोण बदलतं आणि तिच्यावरून अमेरिकेत, युरोपात कोर्टकचेऱ्या का झाल्या, हा आजचा विषय.

इंदापूरकरांना नोंद शिकवायला नको

ज्या तालुक्यात आपण बसलोय त्याला नोंदीचा मोठा इतिहास आहे. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे भागात जमिनीची मोजणी करून सारा बसवला. मोजणीत चुका, आकारणी जड, वरून पावसाची मारामार. लोकांनी जमिनी पडीक टाकल्या, गावं सोडली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी नव्यानं मोजणी केली आणि १८३६ साली इथं, इंदापूर तालुक्यात, तीस वर्षांसाठी नवी जमाबंदी लागू झाली. मुंबई इलाख्याची पुढची सगळी सर्व्हे पद्धत या इंदापूरच्या कामावर उभी राहिली.

त्या पद्धतीचं मर्म साधं होतं. प्रत्येक शेताच्या हद्दी ठरवायच्या, त्याला नंबर द्यायचा आणि नंबरापुढे कोणाचं नाव आहे ते वहीत लिहायचं. आजचा सातबारा याच वळणाचा. आणि नाव बदलायचं झालं तर? फेरफार. त्यासाठी तलाठ्यानं चावडीवर नोटीस लावायची, संबंधितांना कळवायचं, हरकतीला मुदत द्यायची, मग मंडल अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित करायची. प्रत्यक्षात काय काय होतं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. पण नियम असा आहे की मालकाला न कळवता नाव बदलता येत नाही.

संगणकातही अशी वही आहे. विंडोजमध्ये तिचं नावच ‘रजिस्ट्री’, म्हणजे नोंदवही. फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा, म्हणजे एमपीफोर, एव्हीआय, डीएटी, हा तिचा गट नंबर समजा. वहीत त्या गटापुढे एका प्रोग्रामचं नाव लिहिलेलं असतं. तुम्ही डबल क्लिक करता तेव्हा विंडोज फाइलच्या आत डोकावत नाही. शेवटचा तुकडा बघतं, वही उघडतं, तिथं ज्याचं नाव त्याला हाक मारतं. ज्याचं नाव, तो डिफॉल्ट प्लेअर. ताईंच्या वहीत डीएटीपुढे नोटपॅडचं नाव होतं. कुणीतरी कधीतरी चुकून निवडलं असेल आणि ‘नेहमी हाच वापरा’वर टिक केली असेल.

शेवटची तीन अक्षरं आली कुठून?

जुन्या डॉस प्रणालीत फाइलचं नाव आठ अक्षरांचं आणि पुढे तीन अक्षरांची शेपटी. ही शेपटी माणसाच्या सोयीची होती: हे पत्र, हा हिशेब, हा प्रोग्राम. विंडोज आलं आणि त्याच शेपटीवर ‘कोण उघडणार’ हे ठरू लागलं. शेपटी बदलली की हक्कदार बदलला, आतला माल तोच असला तरी.

ॲपलनं १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये वेगळी वाट धरली होती. तिथं प्रत्येक फाइलसोबत दोन छोटे संकेत ठेवलेले असत, प्रत्येकी चार अक्षरांचे. एक सांगायचा की ही कोणत्या प्रकारची फाइल, दुसरा सांगायचा की कोणत्या प्रोग्रामनं बनवली. त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन फाइली दोन वेगळ्या प्रोग्राममध्ये उघडू शकत. युनिक्सवाल्यांची तिसरी रीत: नावावर विश्वास नको, फाइलचे सुरुवातीचे काही बाइट वाचा आणि ओळखा. पण घराघरात विंडोज पोचलं, आणि विंडोजची रीत शेपटीची.

त्यात विंडोज ९५पासून ओळखीच्या प्रकारांची शेपटी पडद्यावर लपवलेली असे. नवख्या माणसानं नाव बदलताना ती उडवू नये, हा हेतू. परिणाम असा की नंबरच दिसेना. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस जगभर पसरला तो याच आडोशानं. फाइल दिसायला पत्र होती, लपलेली शेपटी मात्र चालणाऱ्या प्रोग्रामची होती.

व्हीसीडीचे दिवस

आपल्या भागात संगणकावर व्हिडिओ आला तो बहुतांशी व्हीसीडीच्या रूपानं. व्हीसीडीचं मानक १९९३ सालचं. एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटं, म्हणून लग्नाच्या दोन-तीन डिस्का. त्या संगणकात घातल्या की आत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर आणि त्यात डीएटी शेपटीची फाइल.

आता गंमत बघा. डीएटी म्हणजे नुसतं ‘डेटा’. कितीतरी प्रोग्राम आपली खाजगी माहिती याच शेपटीनं ठेवतात. एकाच गट नंबरात अनेकांच्या जमिनी. त्यामुळे डीएटीपुढे एकट्या व्हिडिओ प्लेअरचं नाव लिहिणं विंडोजला शक्यच नव्हतं. टीव्हीजवळच्या व्हीसीडी प्लेअरमध्ये डिस्क छान चालायची आणि संगणकात ‘ही फाइल कशानं उघडू?’ असा प्रश्न यायचा.

तेव्हाच, २००१ साली, एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीमुळे तालुक्याच्या गावी संगणक वर्ग निघाले. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या साखर कारखान्याच्या गावांतली, एसटीनं येणारी पोरं पहिल्यांदा माऊसला हात लावत होती. आम्हीही त्याच पिढीतले. आम्ही शिकलो ते ‘डबल क्लिक करा, उघडेल.’ उघडलं नाही तर काय, हे अभ्यासक्रमाबाहेर. मग प्रत्येकाची आपली युक्ती: शेपटी बदलून एमपीजी करून बघ, अमुक मित्राकडून तमुक प्लेअर सीडीवर आण. नवा प्लेअर टाकला की व्हिडिओ चालायचा, पण दुसऱ्या दिवशी गाणीसुद्धा त्याच प्लेअरमध्ये उघडायला लागायची. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. नोटीस न देता फेरफार.

मोठ्यांची भांडणं

आम्हाला वाटायचं, आमच्याच संगणकात भुताटकी आहे. प्रत्यक्षात या भुताटकीवर अमेरिकेच्या सिनेटमध्ये साक्ष झाली होती.

रॉब ग्लेझर हे मायक्रोसॉफ्ट सोडून आलेले गृहस्थ. त्यांच्या कंपनीनं १९९५ मध्ये रिअलऑडिओ आणि १९९७ मध्ये रिअलव्हिडिओ आणला. इंटरनेटवर आवाज आणि चित्र ऐकता-पाहता येतं, हे जगाला दाखवणाऱ्यांत ते पुढे होते. जुलै १९९८ मध्ये सिनेटच्या समितीसमोर त्यांनी प्रात्यक्षिकच केलं: विंडोज मीडिया प्लेअर बसवला की आमचा रिअलप्लेअर चालेनासा होतो. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं, दोष तुमच्याच प्रोग्राममध्ये आहे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टवरचा मक्तेदारीचा मोठा खटला उभा राहिला. त्यात ॲपलचे ॲव्ही टेव्हेनियन यांनी साक्ष दिली की विंडोजवर क्विकटाइमच्या फाइली उघडताना अडथळे येतात, दिशाभूल करणारे संदेश येतात.

म्हणजे आमच्या वर्गातला तो प्रश्न, ‘गाणं नेमकं कुठं उघडणार?’, हाच वॉशिंग्टनच्या कोर्टात होता. भाषा तेवढी वेगळी.

इतक्या पैशाची माणसं या नोंदीसाठी का भांडत होती? कारण बहुतेक लोक डिफॉल्ट कधीच बदलत नाहीत. ज्याचं नाव वहीत, त्याच्याकडे प्रेक्षक. ज्याच्याकडे प्रेक्षक, त्याच्या स्वरूपात कंपन्या व्हिडिओ बनवणार. त्या स्वरूपाचे व्हिडिओ वाढले की प्लेअर आणखी घट्ट. बाजार समितीच्या दारातला गाळा कोणाला मिळाला, असा तो प्रश्न.

अमेरिकेतल्या तडजोडीनंतर २००२ मध्ये विंडोज एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये एक नवी खिडकी आली. ब्राउझर कोणता, मीडिया प्लेअर कोणता, हे एका ठिकाणी निवडायची सोय. पुढे २४ मार्च २००४ रोजी युरोपीय आयोगानं मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि मीडिया प्लेअरशिवाय विंडोज विकायला लावलं. त्यातून एक्सपीची ‘एन’ आवृत्ती निघाली. ती जवळजवळ कुणी घेतलीच नाही. किंमत तीच आणि एक वस्तू कमी, कोण घेणार? २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं रिअलनेटवर्क्सशी ७६.१ कोटी डॉलरची तडजोड केली. २००७ मध्ये युरोपच्या न्यायालयानं आयोगाचा निर्णय कायम ठेवला, पण तोवर लोक यूट्यूबवर व्हिडिओ पाहू लागले होते.

आणि रिअलप्लेअर गरीब बिचारा होता असं समजू नका. तो संगणकावर आला की आधीच टिक केलेल्या चौकटींमधून सगळ्या फाइलींवर हक्क सांगायचा, घड्याळाशेजारी ठाण मांडून जाहिरातीचे निरोप द्यायचा. २००८ मध्ये ‘स्टॉपबॅडवेअर’ या गटानं त्याच्या दोन आवृत्त्यांना त्रासदायक सॉफ्टवेअर ठरवलं. अन्याय झाला म्हणून रडणारा आणि संधी मिळताच तोच अन्याय करणारा, इतिहासात हा एकच माणूस बऱ्याचदा भेटतो.

डबा एक, माल वेगळा

दुसरा घोळ याहून खोल होता. एव्हीआय, एमपीफोर या शेपट्या म्हणजे डबे आहेत. आत चित्र कोणत्या पद्धतीनं दाबून भरलंय ते डब्यावरून कळत नाही. दाबण्या-उलगडण्याच्या त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एव्हीआय १९९२ साली आलं. नव्वदीच्या अखेरीस त्याच डब्यात डिव्हएक्स येऊ लागलं. त्यामुळे एक एव्हीआय चाले, शेजारची चालत नसे, आणि प्लेअर बदलून काही उपयोग नसे. मग लोकांनी कोडेक पॅक टाकायला सुरुवात केली. दोन पॅक टाकले की ते एकमेकांत भांडायचे. कधी आवाज गायब, कधी चित्र उलटं.

पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या तंत्रशिक्षण संस्थेत १९९६ मध्ये विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या नेटवर्कवर टीव्ही दाखवायचा प्रकल्प घेतला. त्यातून व्हीएलसी प्लेअर निघाला, आणि १ फेब्रुवारी २००१ रोजी तो मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. रस्त्यावरच्या नारिंगी शंकूचं चिन्ह, ते हेच. त्यानं दोन गोष्टी केल्या. बहुतेक कोडेक स्वतःच्या पोटात ठेवले, आणि शेपटीवर विसंबून न राहता फाइलच्या आत बघायला सुरुवात केली. ताईंची डीएटी फाइल उघडली ती म्हणून.

या व्हीएलसीची भारतातली हकिकत ऐकण्यासारखी आहे. २०२२च्या सुरुवातीला त्यांची वेबसाइट भारतात उघडेना. बनवणाऱ्यांना ना नोटीस, ना कारण. ऑक्टोबरमध्ये त्यांनी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. ज्यांच्याकडे प्लेअर आधीच होता त्यांचा चालूच राहिला. नव्यांची पंचाईत झाली. अधिकृत दार बंद असलं की माणूस मागच्या दारानं जातो, आणि मागच्या दारानं मिळणाऱ्या प्लेअरबरोबर काय काय येईल सांगता येत नाही.

वहीला कुलूप

मग विंडोज ८मध्ये, २०१२ साली, वहीला कुलूप लागलं. तुमच्या निवडीची नोंद आता सांकेतिक मोहोर मारून ठेवतात. दुसऱ्या प्रोग्रामनं परस्पर नाव बदललं तर मोहोर जुळत नाही आणि विंडोज ते नाव मानत नाही. हे चांगलंच झालं. बेकायदा फेरफार थांबले.

पण कुलपाची किल्ली कोणाकडे? विंडोज १० वापरणाऱ्यांना एक संदेश आठवत असेल: अमुक ॲपमुळे डिफॉल्टमध्ये अडचण आली, म्हणून ते पूर्ववत केलं. पूर्ववत म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच ‘मूव्हीज अँड टीव्ही’वर. जुलै २०१५ मध्ये मोझिलाच्या प्रमुखांनी मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांना खुलं पत्र लिहिलं. नव्या विंडोजमध्ये आल्यावर लोकांनी आधी केलेली निवड पुसली जाते आणि परत करणं अवघड केलंय, अशी तक्रार होती. ब्राउझरबद्दलची, पण गाऱ्हाणं तेच. चोरापासून वही वाचवायची म्हणून ती ज्याच्या हाती दिली, त्याचंही त्या जमिनीवर लक्ष होतं.

मोबाइलवर तेच नाटक छोट्या पडद्यावर चालतं. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडताना फोन विचारतो: ‘फक्त एकदा’ की ‘नेहमी’? घाईत बोट ‘नेहमी’वर पडतं आणि नोंद झाली. फोन बनवतानाच आत घातलेल्या ॲपचा प्रश्न याच्याही वरचा. गूगलची ॲप आधीपासून फोनमध्ये बसवण्याच्या अटींसह अँड्रॉइडमधल्या वागणुकीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानं २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. १९९८चा वाद २०२२ मध्ये दिल्लीत येऊन पोचला.

मग आपण काय करायचं?

फाइल उघडली नाही तर पहिली गोष्ट, ती डिलीट करू नका. विंडोजमध्ये ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइलची शेपटी दिसेल असं करा. राइट क्लिक, ‘ओपन विथ’, दुसरा प्लेअर. चालली तर फाइल निर्दोष, नोंद चुकलेली. मग पुन्हा ‘ओपन विथ’मध्ये ‘दुसरं ॲप निवडा’वर जाऊन कायमसाठी निवड करा, किंवा सेटिंग्जमधल्या ‘डिफॉल्ट ॲप्स’मध्ये त्या शेपटीपुढे हवं ते नाव लावा. डीएटीला मात्र कायमची नोंद करूच नका, कारण त्या नंबरात इतरांच्याही जमिनी आहेत. आणि नवा प्लेअर टाकताना ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबू नका. त्या चौकटी वाचा. फेरफाराची नोटीस तिथंच लावलेली असते.

घरी जाऊन आणखी एक काम करा. २००० ते २०१० या काळातल्या व्हीसीडी कपाटात असतील. त्यांचा थर उडतोय, बुरशी धरतेय. आपल्या तालुक्यातली लग्नं, जत्रा, कुस्त्या, सत्कार, गेलेल्या माणसांचे चालते-बोलते चेहरे त्यात आहेत. कुठल्याही सरकारी दप्तरात ते नाहीत. त्या कॉपी करा, दोन ठिकाणी ठेवा, फाइलच्या नावात गाव आणि साल घाला. आमच्यासारख्या इतिहासवाल्यांना उद्या त्याच लागतील.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्लेअर काढून टाकला तरी फाइलवर त्याचंच चिन्ह राहतं आणि उघडत नाही. असं का?*

कारण प्रोग्राम गेला, वहीतलं नाव राहिलं. मयत खातेदाराचं नाव सातबाऱ्यावर राहतं, तसंच. नवीन प्लेअर निवडलात की वारस लागला.

*मुलानं नव्या फोनवर काढलेला व्हिडिओ संगणकावर लावला की आवाज येतो, चित्र येत नाही. प्लेअर बदलायचा का?*

बहुधा तो एचईव्हीसी या नव्या कोडेकमधला असेल. डबा तोच, आतला माल नवा. अनेक विंडोज संगणकांवर त्यासाठी वेगळा जोड बसवावा लागतो. व्हीएलसीमध्ये तो आधीच आहे, म्हणून तिथं चित्र दिसतं. आणि पुढच्या वेळी फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जुनं, सगळीकडे चालणारं स्वरूप निवडा.

*व्हीसीडी संगणकात घातली तर काहीच दिसत नाही. नव्या लॅपटॉपला तर सीडीचं तोंडच नाही.*

बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो. एका वाडीत, एका सोसायटीत मिळून एक घेतला तरी पुरे. डिस्क आधी मऊ कापडानं मधून बाहेरच्या दिशेनं पुसा, गोल गोल नको. आणि एकदा वाचली नाही म्हणून फेकू नका. दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा. त्या ताईंच्या तीन डिस्कांपैकी एक पहिल्या ड्राइव्हवर वाचली नव्हती. दुसऱ्यावर वाचली.